शेडलियाचा पासवर्ड

६ ऑक्टोबर २०१९, रविवार
शेडलिया लग्न करून दूर दक्षिणेला, वाळवंटाकाठच्या तोझूरला गेली त्याला आज सहा आठवडे. चोपन्नाव्या वर्षी लग्न! आई गेल्यापासून अकरा वर्षं या घरात आम्ही दोघी बहिणीच. आता मी एकटी. लग्नाला मी गेले नाही.

जाताना तिचं जुनं नेटबुक इथेच ठेवून गेली. सकाळी कॉफी घेताना त्यावरून मला पेपर वाचून दाखवायची. आज उघडलं तर पासवर्ड मागतंय. आधी कधी मागत नव्हतं.

फोन करून विचारता येईल. नाही विचारणार.

८ ऑक्टोबर
आईचं नाव घालून पाहिलं, गल्लीचं घातलं, मेलेल्या मांजराचंही. एकही लागलं नाही. दिवसभरात कोणाशी बोलले नाही — पाववाल्याशी दोन शब्द, तेवढेच.

१२ ऑक्टोबर, शनिवार
पालिकेच्या वाचनालयात गेले. तिथे शनिवारी नूरी नावाचे गृहस्थ बसतात, सगळे त्यांना मानाने सी नूरी म्हणतात. बंदरावर रेडिओ ऑपरेटर होते, आता निवृत्त. लोकांचे जुने कॉम्प्युटर चालते करून देतात. नेटबुक उलटंपालटं करून म्हणाले, "पासवर्ड कोणाला ठाऊक आहे?"

"बहिणीला."

"मग तिलाच विचारा की."

"ती लांब असते."

"फोन लांबच्या माणसांसाठीच असतो, मादाम बेया."

मी नेटबुक पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. मग त्यांनीच विषय बदलला. म्हणाले, यावरचं जुनं सगळं काढून लिनक्स नावाची हलकी प्रणाली घालू, या म्हाताऱ्याला तेच झेपेल. एक पेनड्राइव्ह दिला. चालू करताना कुठली कळ दाबून धरायची ते दोनदा करून दाखवलं. "आधी पेनड्राइव्हवरूनच चालवा. आतल्या फाइली दिसतील. हवं ते काढून घ्या, जागा भरपूर आहे. एकदा पुसलंत की गेलं."

१३ ऑक्टोबर
जेवण झाल्यावर बसले. पेनड्राइव्हवरून ते सुरू झालं आणि तिचं सगळं समोर उघडलं. पासवर्ड न विचारता. चोरून कोणाच्या खोलीत शिरल्यासारखं झालं.

फोटो होते. जुन्या बंदरावर शेडलिया आणि हम्मादी, आताचा तिचा नवरा. तिच्या अंगावर मी विणलेली निळी शाल. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

मला त्याचं नाव तिने या रमजानात सांगितलं. तीन वर्षं ती दाताच्या डॉक्टरकडे जात होती, मैत्रिणीकडे जात होती, आणि मी सूप गरम करून वाट बघत होते.

'आई' नावाचा फोल्डर होता. तो दिसला होता मला. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे दिसला नाही असं म्हणायला नको.

डिस्क पुसायची का, असं यंत्राने विचारलं. हो केलं.

१५ ऑक्टोबर
लिनक्स बसलं, पण मला आत घेत नाही. या वेळी पासवर्ड माझाच, तरी चूक म्हणतंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार
सी नूरी हसले. आपल्या कळा फ्रेंच, पासवर्डही तसाच ठरवला, पण पुढे कीबोर्ड निवडताना मी इंग्रजी ठेवला होता. a दाबलं की q उमटत होतं. "यंत्राला वाटलं, तुम्ही लंडनच्या आहात." दोन मिनिटांत दुरुस्त केलं. आता भराभर चालतं.

"बहिणीचं काढून घेतलंत ना?"

हो म्हटलं.

२४ ऑक्टोबर
सकाळी कॉफी केली, पेपर उघडला आणि मोठ्याने वाचायला लागले. अर्ध्या बातमीत आवाज बंद केला. स्वयंपाकघरात माझा आवाज फार मोठा वाटत होता.

२ नोव्हेंबर, शनिवार
आईचा गच्चीवरचा फोटो आठवला. मांडीवर परात, मिरच्या निवडतेय, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणतेय. तो त्या फोल्डरमध्येच होता. कागदावर कधी काढलाच नाही.

वाचनालयात जाऊन विचारलं, पुसलेलं परत मिळतं का. सी नूरींनी तासभर खटपट केली. मग चष्मा काढला. "नवीन त्याच जागेवर लिहिलं गेलंय. नाही मिळायचं." म्हणाले, "तुम्ही तर काढून घेतलं होतं ना?"

मी नेटबुक मिटून पिशवीत घातलं. ते उठून दोन कॉफी घेऊन आले. पुन्हा विचारलं नाही त्यांनी.

३ नोव्हेंबर
पाऊस. बाहेर पडले नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
दुपारी फोन वाजला. पुरुषाचा आवाज, अदबीने 'लल्ला' म्हणणारा.

"लल्ला बेया, मी हम्मादी. ठेवू नका फोन. ती जेमतेम पाच मिनिटं शेजारी गेलीय, मी बोलतोय ते तिला माहीत नाही."

ठेवणारच होते मी.

"ते नेटबुक... पासवर्ड तिने मुद्दाम घातलाय, निघायच्या आदल्या दिवशी. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, बेया दुसऱ्या कशासाठी मला फोन करायची नाही, एवढ्यासाठी तरी करेल. अडीच महिने झाले. रविवारी फोन सोडून हलत नाही ती. मी बाहेर चल म्हटलं की कामं काढते. एकदा विचारा हो तिला. माझ्यावरचा राग राहू दे तसाच."

मी म्हटलं, बरं.

११ नोव्हेंबर
शेडलियाला फोन केला. पासवर्ड विचारला. तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, मी एकेक लिहून घेतलं.