बाईंसाठी तहकूब न झालेली सभा

बाई,

काल महापालिकेच्या मुख्य सभेत मी तुमच्यासाठी सगळं सभागृह उभं केलं, महापौरांसकट. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "बसा. उभं राहून कोणाचं गणित सुटलेलं मी पाहिलं नाही." म्हणून पहिल्यापासून सांगते. आपली धायरी आता पुणे शहरात आली आहे आणि मी तिथली नगरसेविका आहे. जागा महिलांसाठी राखीव झाली, घरातलं कोणीतरी उभं करायचं होतं, मला केलं. सुरुवातीला काय बोलायचं तेसुद्धा दीर सांगायचे. मी बोलायचे.

तुम्ही सदाशिव पेठेतून आमच्या शाळेत सायकलवर यायचात. आत्ताही दिसताय: पदर कमरेला खोचलेला, निऱ्यांना कपडे वाळत घालायचा चिमटा, हँडलला डब्याची पिशवी. आम्ही मुली कालव्याच्या पुलावर उभ्या असतो आणि लांबून घंटी ऐकू आली की शाळेकडे पळत सुटतो, कारण बाईंच्या आधी वर्गात पोचायचं असतं. मधल्या सुट्टीत त्याच सायकलवर तुम्ही आम्हाला शिकवायचात, मागचं कॅरियर धरून आमच्याबरोबर धावत. माझ्या वडिलांना कळलं तेव्हा ते शेतातून तसेच शाळेत आले. "बाई, पोरीला सायकल कशाला? आमच्यात न्हाई चालत. लोक काय म्हंतील?" तुम्ही फळा पुसत होतात. तोंड न वळवता म्हणालात, "बरं. मग पुढं हायस्कूलला रोज पोचवायला आपण येणार ना? वेळ सांगून ठेवा, मुलीला तयार ठेवायला बरं." वडील गुमान परत गेले आणि दिवाळीनंतर कुणाची तरी जुनी सायकल घेऊन आले. आईला म्हणाले, "त्या बाईच्या तोंडी कोण लागतंय."

तुमचं रागावणं एकदाच वाट्याला आलं, पण पुरून उरलं. मी उशिरा आले आणि सांगितलं, सायकल पंक्चर झाली. तुम्ही वर्ग सोडून बाहेर आलात, वाकून दोन्ही चाकं दाबून पाहिलीत. पंक्चर खरंच झालं होतं हो, पण परवा. ते मी कबूल केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "परवाचं पंक्चर आज चालत नाही. खोटं बोललीस तर निदान कळतं तरी. अर्धं खरं सांगणारं माणूस मला नको." दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला त्यापेक्षा छडी चालली असती.

आणि मग तो दिवस. आम्ही पुलावर उभ्या आहोत आणि घंटी वाजत नाही. ट्रक तुम्हाला उडवून निघून गेला होता, फाट्याच्या अलीकडे, जिथे रस्त्याला कडच नव्हती. तुमची सायकल माझ्या वडिलांनी बैलगाडीत घालून शाळेत आणली. पुढचं चाक पार दुमडलेलं. त्यांनी हापशावर ती धुतली, फडक्यानं पुसली आणि व्हरांड्यात तुमच्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकवून ठेवली. माझी सायकल त्याच संध्याकाळी त्यांनी माळ्यावर टाकली. मी पुन्हा कधी मागितली नाही.

त्या रस्त्याला कड अजूनही नाही. जिथे असायला हवी तिथे दुकानांच्या पाट्या आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या. शाळेच्या मुली डांबरावरून चालतात, मागून हॉर्न वाजला की गटाराच्या झाकणावर चढतात. त्यातली काही दुकानं आमच्या घरचीच आहेत, दिरांची. शहराचा सायकल आणि पादचारी आराखडा मुख्य सभेपुढे आला, त्यात तिथे रुंद फूटपाथ आणि सायकलचा रस्ता दाखवलेला. चर्चा म्हणाल तर भरपूर झाली. एक म्हणाले, पुण्यात सायकल आता राहिली आहे फक्त आठवणीत. दुसरे म्हणाले, आमच्या पेठेत फूटपाथ सापडला तर जरूर रुंद करा. विरोध कोणाचाच नाही, मत कोणालाच द्यायचं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे बाई. कोणी गेलं की दुखवटा मांडायचा, उभं राहायचं आणि सभा तहकूब करायची. अडचणीचा विषय असला की दुखवटा हटकून सापडतो. हा आराखडा असाच पुढे पुढे ढकलत आणलेला. आमची मुदत संपत आलेली, कालची आमच्या सभागृहाची शेवटची सभा. ती तहकूब झाली की विषय संपला. आमचे गटनेते माझ्याकडे झुकून म्हणाले, "ताई, तुमच्याकडे गेलंय का हो कोणी? मांडून टाका. तुमच्या दिरांचंही काम होईल."

मी म्हटलं, आहे. उठले. "आमच्या शाळेतल्या माझ्या बाई, धायरी फाट्याच्या अलीकडे सायकलवर असताना ट्रकखाली गेल्या. त्यांचा दुखवटा मांडते. पण सभा तहकूब करू नये अशी विनंती आहे. बाईंच्या हयातीत त्यांच्या नावानं शाळा कधी सुटली नाही. दोन मिनिटं उभं राहू आणि विषय मताला घेऊ." गटनेत्यांनी माझा पदर ओढला, पण तोवर महापौर उभे राहिले होते, आणि उभ्या सभागृहात नाही म्हणायला कोण धजणार. बसल्यावर हात वर झाले. आमच्या रस्त्यासकट आराखडा मंजूर झाला.

रात्री जेवताना दीर म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेला तिकीट मागायला सायकलवर जावा." यजमान ताटावरून उठले. आता तिकीट मिळायचं नाही हे मला ठाऊक आहे. रस्ता कागदावरून खाली कधी उतरेल तेही देव जाणे. पण मंजूर झालेलं पुसायला आता कोणालातरी उठून उभं राहावं लागेल.

सभा सुटल्यावर एक वयस्कर नगरसेवक हळूच जवळ आले. "ट्रकवाला सापडला का हो?" मी म्हटलं, नाही. ते मान हलवून गेले. तुम्ही कधी गेलात, हे मी सभागृहात सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं याच आठवड्यात, आणि मी वाटू दिलं. त्या रस्त्याचं नाव ऐकल्यावर कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. मला मात्र रात्रभर ते पंक्चर आठवत राहिलं.

तुमच्या घराच्या जागी आता क्लासची इमारत आहे, तेव्हा हे कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. पण पत्ता असता तरी मी हे टाकलं नसतं. मला अजून तुमची भीती वाटते.