दिव्यावर न ठरलेले डोळे

बाबा,

तुमचा नातू चालताना झोकांड्या खातो. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता. सुरुवातीला बंदरावरची माणसं हसायची, "सकाळीच घेतलंस काय रे?" तो दारूला शिवत नाही. मग त्याला एकाचे दोन दिसायला लागले आणि आम्ही शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो.

तिथे तोल तपासतात. त्याला आडवं केलं, डोळ्यांवर कॅमेऱ्याचा काळा चष्मा चढवला आणि कानात कोमट पाणी सोडलं. बाजूच्या पडद्यावर त्याचे डोळे हे एवढे मोठे दिसत होते. पाण्याने ते एका बाजूला धावायला लागले. तसे कुणाचेही धावतात. हे मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचून गेले होते. तुमचा जावई गेल्यापासून वाचत बसायची सवय लागली आहे, चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरते. पुढे असंही लिहिलं होतं की मग चष्म्यात बारीक दिवा लावतात. त्याच्याकडे बघून डोळे ठरले तर दोष बहुधा कानाचा. नाही ठरले तर मेंदूचा. हे मी त्यालाही सांगून ठेवलं होतं.

दिवा लागला आणि मला तुमची होडी आठवली. मी आठ-नऊ वर्षांची, काठाला धरून ओकतेय. तुम्ही वल्हं मारता मारता लेकीला हसताय, "माझा चेडू मा तू? मगे ओकतस कित्या? पाण्याकडे बघू नको गो. किनाऱ्यावरच्या त्या माडार नजर रोव, डोक्या आपसूक ठिकाणार येतला." आणि आलं होतं. पडद्याकडे बघत मी लेकाला मनात म्हणत होते, रोव रे झिला, नजर रोव. तो दिव्याकडेच बघत होता. डोळे धावतच राहिले.

"आये, थांबले काय गो?"

"थांबले."

"मी सांगलंय मा तुका, कानाचाच आसा."

मग स्कॅन झाला. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. "आई, गाठ फार खोल आहे. ऑपरेशनने निघणार नाही." मी म्हटलं, त्याला मी सांगते.

आता तो दारापुढच्या खळ्यात बसून, एक डोळा मिटून, जाळं दुरुस्त करतोय. कान बरा झाला की समुद्रात जाणार आहे. मी देते त्या गोळ्या कानाच्याच असं तो धरून चालतो.

हे पत्र कुठे जायचं नाही. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुम्हालाच सांगतेय, कारण "मगे आता काय करूचा गो?" असं तुम्ही विचारणार नाही.