जितेशच्या विरोधातला अर्ज

वापी, रविवार

चि. रंजिता, शाळेच्या होणाऱ्या मुख्यमंत्रीणबाईंना दादाचे आशीर्वाद.

वाडीत रेंज नाय म्हणून धाडलेलं तुझं पत्र मिळालं. मी मजेत आहे, जेवण वेळेवर मिळतं, असं आईला सांग. तिचा गुडघा दुखायचा थांबला का?

आता शाळेच्या मंत्रिमंडळाचं सांग. मोबाईलवर बटण दाबलं की टूं वाजतं आणि मत पडतं, हे खरं? आमच्या वेळी सर नुसते हात वर करायला लावायचे. आणि तुला चिन्ह इरलं कोणी दिलं गो? बाजारपेठेत राहणारी पोरं तुला ‘इरलेवाली’ चिडवतात म्हणे. नावं कळव, उद्याच्या गाडीनं येतो! बरं, नाय येत. पण भातलावणीला पावसात डोक्यावर इरलं घेतलेल्या बायांची पोरं शाळेत किती आहेत, ते मोजलंस का?

खरी गोष्ट तू शेवटी लिहिलीस. ‘समोर जितेश हाय, तेजश्रीताईचा भाऊ. तुझ्यासाठी अर्ज मागं घेऊ का?’

अगो, खुळी का काय? हे तेजश्रीला कळलं तर ती मला जन्मभर हसेल. मी कॉलेज सोडून इकडं कामाला आल्यापासून तिचा फोन नाय, मेसेज नाय. ती अजून महाडला कॉलेजला जाते ना? एसटीत तिच्या शेजारी कोण बसतं? जाऊ दे, ते नको कळवूस.

अर्ज ठेव आणि जितेशला चांगला हरव. मग ती निदान भांडायला तरी फोन करते का, ते मला बघायचंय.

तुझा, मत नसलेला दादा,
साहिल