लिफ्ट आणि आलुबुखाऱ्याचा केक

गोटिंगेन, सोमवार

प्रिय मेर्ले,

तुझा फोन बंद, ईमेलला उत्तर नाही, म्हणून शेवटी कागद आणि पोस्टाचं तिकीट. तुझ्या आईला फोन केला, तर म्हणाल्या, "ती मागे बसून कोळंबी सोलतेय, कुणाशी बोलायचं नाही म्हणते." तुमच्या समुद्रकाठच्या हुजुमची कोळंबी मला फार आवडते, पण ती सोलायला क्वांटम भौतिकीची पीएचडी अर्धवट टाकलेली मुलगीच लागते, असं काही नाही. तू परत यावंस म्हणून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

झालं ते उगाळण्यात अर्थ नाही, तरी थोडं उगाळतो. बाहेरच्या धक्क्यांनी अणू आपली क्वांटम अवस्था किती वेगाने विसरतो, हे प्रोफेसर ब्रेमरांच्या सूत्रावरून जगभर मोजतात. तुझे आकडे त्यात बसेनात, आणि तू भर परिषदेत सांगून टाकलंस की सूत्रच चुकलंय. मग आपल्याच प्रयोगशाळेतल्या गेझिनेला माशी कुठे शिंकली ते सापडलं. इमारतीतली लिफ्ट हलली की चुंबकीय क्षेत्र किंचित ढळायचं आणि तुझे अणू बिथरायचे. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलावर प्रयोगशाळेची किल्ली दिसली, आणि माझं हसू मावळलं.

त्या शुक्रवारी म्हातारा ब्रेमर नेहमीसारखा काठी टेकत आला, हातात आलुबुखाऱ्याचा केक. आपली रीत तुला ठाऊकच आहे: ज्याची चूक आठवड्यात सगळ्यात भारी, त्यानेच केक कापायचा आणि पहिला तुकडा त्याचा. गेझिनेने तुझी चूक मांडली. प्रोफेसर हसले नाहीत. म्हणाले, "तिचे अणू तळघरात, लिफ्ट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तरी त्यांना ऐकू येतं? अरे, मग हा कान आहे कान. आणि तुम्ही दात काय काढताय?" गेझिने म्हणाली, "पण ती तुम्हालाच खोटं पाडायला निघाली होती." तर म्हणतात, "तिशीपासून मी वाट बघतोय कुणी पाडेल म्हणून. तुमच्यापैकी एकाचीही छाती झाली नाही."

तेव्हापासून गेझिने तुझ्याच यंत्रावर बसते आणि लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे ते खोलीबाहेर न जाता सांगते. परवा संचालकमहाशय जिने चढायचे सोडून एका मजल्यासाठी लिफ्ट वापरतात, हेही तिनेच उघडकीला आणलं. आणि ऐक, लिफ्टचा धक्का हिशेबात धरला की तुझे आकडे म्हाताऱ्याच्या सूत्रात चपखल बसतात. तुझा प्रबंध बुडालेला नाही, फक्त त्याचं नाव बदलायचंय.

एक गोष्ट मलाही नवी होती. केकची ही रीत प्रोफेसरांची नव्हेच. तरुणपणी त्यांचं पहिलंच गणित साफ चुकलं, तेव्हा ते लाजेने दाराबाहेर उभे राहिले. त्यांच्या गुरूंनी आत केक मांडून ठेवला आणि सांगितलं, पोरगा आत आल्याशिवाय सुरी लागणार नाही. ते आत गेले, आणि ते सूत्र त्याच चुकीतून निघालं. हे सांगताना ते दाराकडेच बघत होते, मेर्ले. मीही तिकडेच बघू लागलो.

तू गेल्यापासून ते दर शुक्रवारी केक आणतात, टेबलावर ठेवतात आणि न कापता घरी घेऊन जातात. आम्ही सगळे नुसत्या कॉफीवर. गेझिनेने एकदा कोपरा मोडायला हात पुढे केला, तर तिच्या बोटांवर काठी बसली. आता त्यांना एकट्याने राहणं झेपत नाही, त्यामुळे शनिवारी मुलगी त्यांना हॅम्बर्गला घेऊन जाणार आहे. म्हणजे हा शुक्रवार त्यांचा इथला शेवटचा. गेल्या शुक्रवारी मला जवळ बोलावून म्हणाले, "माझे हात थरथरतात, तूच लिही तिला. सूत्र कुणीही सांभाळेल. सुरी मात्र मी तिच्याच हातात देऊन जाणार." किल्ली याच पाकिटात घातली आहे. शुक्रवारी हुजुमहून सकाळची गाडी धरलीस तर कॉफीच्या वेळेला पोचशील.

तुझी वाट बघणारा, उपाशी,
तुझाच टिलमन