पूजेतली पेटी

१८ ऑक्टोबर २००१

शंभूच्या हाताला कंप आहे. "अक्का, कोणाला सांगू नकोस." चौतीस वर्षांनी इंग्लंडहून कायमचा परतलेला धाकटा भाऊ, सर्जन. शब्द दिला. पण पोटात राहत नाही — म्हणून लिहिते.

"वरलक्ष्मीलाही नको?"

"तिला तर मुळीच नको!"

वरलक्ष्मी इथल्या, म्हैसूरच्या हॉस्पिटलातली सर्जन. दर डिसेंबरात शंभू सुट्टीवर येऊन भाजलेले हात, दुभंगलेले ओठ शिवायचा. ती शेजारी उभी राहून शिकली.

२० ऑक्टोबर

वरलक्ष्मी तुंगाला घेऊन आली. एच. डी. कोटे गावची, नऊ वर्षांची. स्टोव्ह भडकला, हनुवटी छातीला चिकटूनच जखम भरली. मान वर होत नाही.

दसऱ्याला पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे बसवली. खालच्या दोन पायऱ्याच दिसतात तिला — वाणी, गाई, केळीवाली. "वर कोण बसलंय?"

"राजा-राणी," शंभू म्हणाला. "मी मान मोकळी करतो, मग तूच बघ. पंचवीस तारखेला ऑपरेशन."

पंचवीसला खंडेनवमी, हत्यारांची पूजा! विसरला. मीही बोलले नाही.

२२ ऑक्टोबर

दुपारभर झोपाळ्यावर, डोळे मिटून बोलत होता. लीड्सचा पहिला हिवाळा. नाव कोणाला म्हणता येईना, म्हणून 'सॅम' म्हणायचे. गिरणीत भाजलेली एक बाई — नवा गाल मिळाला, तर आरसा बाजूला ठेवून खिडकीबाहेरचा बर्फच बघत बसली. बोलता बोलता त्याचे हात हवेत टाके घालत होते. हलके, संथ. मलाही वाटले, कंप-बिंप काही नाही.

चहा दिला. बशी वाजली.

२४ ऑक्टोबर

"वरलक्ष्मीला करू दे."

"अय्यो अक्का, चाकू म्हणजे बशी नव्हे. तू कॉलेजात केमिस्ट्री शिकवलीस ना? हे माझ्यावर सोड." हसला.

मी नाही हसले. पोरीचा गळा आहे तो!

हॉस्पिटलची हत्यारे त्याला चालत नाहीत. लीड्सहून आणलेली स्वतःच्या हत्यारांची पेटीच लागते.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजोबा म्हैसूरच्या घोडदळातले. त्यांची तलवार पाटावर मांडली. शेजारी शंभूची पेटी. हळदकुंकू वाहिले.

बूट घालून आला. "पेटी कुठाय?"

"पूजेत."

"आज ऑपरेशन आहे, अक्का!"

"आज हत्यार उचलत नाहीत. उद्या घरातल्या थोरल्याने उचलून द्यायचे. थोरली मी."

पेटी समोरच होती. कोण अडवणार होते? शंभूने हात पुढे केला. थरथरला. मागे घेतला. बूट काढून पाटासमोर बसला. कापराचा धूर, झेंडूचा वास — लहानपणी बसायचा तसाच. कापूर विझल्यावर म्हणाला, "होगली. जाऊ दे." वरलक्ष्मीला फोन केला — उद्या.

२६ ऑक्टोबर, विजयादशमी

वरलक्ष्मी तुंगाला घेऊन सकाळीच आली. मी तलवार उचलली. मग पेटी — शंभूपुढे धरली. त्याने हात पाठीमागे बांधले.

"हिला दे, अक्का. वरलक्ष्मी, माझे हात कापतात."

"ठाऊक आहे, सर. मागच्या डिसेंबरपासून. तुम्ही सांगायची वाट बघत होते."

पेटी — वरलक्ष्मीला दिली.

तुंगाचा हात — शंभूच्या हातात दिला. त्याचा कापत होता. तिने घट्ट धरला.