शेठच्या फुलातली रानहळद

लखनौ, १२ ऑगस्ट

अब्बा, शिफाचा सलाम.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. तुमचा फोन नर्सरीत कुणीही उचलतं, म्हणून पत्र.

चिंतामणशेठ ज्या फुलाला परदेशी कंदांपासून केलेलं स्वतःचं वाण म्हणतात, त्याची मुळं मी इथल्या प्रयोगशाळेत तपासली. कुरवंड्याच्या रानहळदीचा डीएनए लाल चमकेल असा करून त्या मुळांच्या पेशींवर सोडला. सदतीस गुणसूत्रांपैकी एकवीस लाल झाली, म्हणजे तेवढी रानहळदीची आहेत. ती रानहळद डोंगरातून तुम्ही आणली होती, संकरही तुम्हीच केला होता.

“माळ्यानं पाणी घालावं, शोध लावू नयेत,” असं शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही हे सांगितलंत तेव्हा. तुम्ही म्हणालात, “जाऊ दे, बेटा.” मी जाऊ दिलं नाही.

तपासलेला नमुना आपल्या फुलाचा नाही, असं शेठना म्हणता येणार नाही. मी लखनौला निघाले तेव्हा डब्यावर सही करून त्या फुलाचा कंद त्यांनीच मला भेट दिला होता.

काल वाण-नोंदणी कार्यालयात शेठच्या अर्जावर हरकत दाखल केली. अम्मीला झोप लागते का? नर्सरीतलं घर सोडावं लागलं, तर इथे तिघांपुरती खोली पाहून ठेवली आहे.

शेठ आले तर चहा द्या. हरकत मागे घ्यायला मात्र मला सांगू नका.

तुमची,
शिफा