वीस शेळ्यांचा डाव

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी १९८९

प्रिय बंडू,

पान उलटून शेवट आधी वाचू नकोस. तुझी ती खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे. तू लिहिलं होतंस, पंधरा तारखेपर्यंत या नव्या भाषेत लिहिलेला खेळ कॉम्प्युटरवर चालला नाही तर ती कायमची गुंडाळतो आणि दादांनी बघून ठेवलेली साखर कारखान्यातली नोकरी धरायला घरी येतो. दोन वर्षं घासून कॉम्प्युटरची नवी भाषा केलीस, आणि तिचा निकाल लावायचं काम सोपवलंस कुणावर, तर फाउंड्रीच्या ऑफिसात कोटेशनं टाइप करणाऱ्या बहिणीवर! पुण्यात तुमच्या संस्थेत शहाणी माणसं कमी पडली होय रे? पण तुझं म्हणणं असं की तिथले सगळे तुझ्यासारखाच विचार करतात, तेव्हा तुझी चूक त्यांनाही दिसत नाही. नवख्या माणसानं नुसती पुस्तिका वाचून काहीतरी करून बघायला हवं. हे मात्र मला पटलं. तू मला विचारलंस याचा आनंदही झाला, उगीच खोटं कशाला बोलू?

आमचे मालक गणपतराव कॉम्प्युटरला देवघरासारखं जपतात. चपला बाहेर, हात धुऊन आत. ऑफिस सुटल्यावर तासभर बसायची परवानगी मी मागून घेतली. खेळ कुठला करायचा ते तू माझ्यावर सोडलं होतंस, म्हणून मी आपला वाघ-शेळीचाच डाव घेतला. आठवतं ना, पन्हाळ्यावर तीन दरवाज्यापाशी दादांनी कोळशानं दगडावर घरं आखली होती? चिंचोक्यांच्या वीस शेळ्या आणि दोन खडे म्हणजे वाघ. तुझी पहिली शेळी गेली तेव्हा तू असं भोकाड पसरलंस की शेंगा विकणारी बाई धावत आली, तिला वाटलं पोरगं तटावरून पडलं. तर तुझ्या पुस्तिकेत लिहिलं होतं की शेळी म्हणजे काय ते एकदाच सांगायचं आणि मग त्यावरून हव्या तितक्या शेळ्या करून घ्यायच्या. प्रत्येकीची जागा वेगळी, प्रत्येकीचा जीव वेगळा. यालाच तू ऑब्जेक्ट म्हणतोस. म्हटलं, एवढंच? मग सोपं आहे की.

कसलं सोपं आणि कसलं काय! पहिली शेळी मांडली, पडद्यावर आली. दुसरी मांडली, तर पहिली आपली जागा सोडून दुसरीच्या अंगावर जाऊन बसली. तिसरी मांडली, तर दोघी तिकडं. वीस मांडून झाल्या तरी पडद्यावर दिसायला एकच, आणि वाघानं ती खाल्ली की वीसच्या वीस मेल्या. डाव खलास. पाच दिवस मी माझीच चूक शोधत बसले. अक्षर न् अक्षर पुस्तिकेशी ताडून बघितलं. सहाव्या दिवशी हात टेकले. चूक माझी नव्हती, तुझ्या भाषेतच होती, पण नेमकी कुठं ते दिसेना. भाषा आतून कशी चालते त्याचं तू पाठवलेलं ते छापील बाड उघडलं की डोकं गरगरायचं. आणि तुझी फार कीव आली रे. एवढा जीव ओतून केलंस, आणि वीस शेळ्या उभ्या राहीनात.

दादांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं तू बजावलं होतंस. पण त्या दिवशी मला उशीर झाला म्हणून दादा हातातला लाकडी नमुना ठेवून फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमधून मला बघायला आले. चपला काढून आत आले, पडद्याला नाक लागेल इतके वाकले आणि म्हणाले, "आयला, पन्हाळ्याचा डाव हाय की ह्यो!" आता लपवणार काय? तुझं नाव तेवढं गाळून सगळं सांगितलं. तू गेलास त्या दिवशी तुम्हा बापलेकांत काय झालं ते मी विसरलेले नाही. हातात धरता येत न्हाय ते काम न्हवं, असं ते म्हणाले. आणि तू उलटून बोललास की तुमचे पॅटर्न तरी कोण घेतं, लोक लोखंड घेऊन जातात, तुमचं लाकूड फळीवर धूळ खातं. फार लागलं ते त्यांना. तेव्हापासून तुझं नाव काढत नाहीत, पण पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की सगळ्यांच्या आधी त्यांनाच ऐकू येते.

तर दादा तिथंच स्टूल ओढून बसले आणि मला शेळ्या पुन्हा मांडायला लावल्या. एक, दोन, तीन. मग हसायलाच लागले. तू चार वर्षांचा असल्यापासून बघत आलास, लाकडाचा पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. पॅटर्न परत फळीवर, आणि एका पॅटर्नवर हजार नग. दादा म्हणाले, "ह्या गड्यानं वतलंच न्हाय गं. पॅटर्नच उचलून ह्या घरातनं त्या घरात ठेवत सुटलाय. पॅटर्न एक, त्यो वीस ठिकाणी कसा हुबा ऱ्हाईल?" दुसऱ्या दिवशी तेवढंच मनात धरून तुझं बाड चाळलं आणि एकतिसाव्या पानावर सापडलं. नवी शेळी केली की तिला नवी जागा द्यायची सोडून तू मूळ नमुन्याचीच जागा देतोस! लाल पेन्सिलीनं खूण केली आहे. तूर्त प्रत्येक शेळीला मी हातानं वेगळी जागा दिली, आणि काल संध्याकाळी तुझ्या वाघानं शेळी खाल्ली. एकच. बाकीच्या एकोणीस जिथल्या तिथं. मी एवढ्यांदा ओरडले की गणपतराव चपला घालूनच आत आले. दादाही तिथंच स्टुलावर होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बंड्याचं हाय न्हवं हे?" मी व्हय म्हटलं. "मंग त्यो बी पॅटर्नच करतोय की," म्हणाले, आणि घराकडं चालू लागले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. हे माझं दुसरं पत्र. पहिलं काल घरी आल्या आल्या लिहिलं, आणि त्यात लिहिलं होतं की शेळ्या काही उभ्या राहिल्या नाहीत, तू आपला घरी ये. दादांना काचबिंदू आहे, बंडू. दिवाळीपासून नजर उतरत चाललीय आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. पट्टीवरच्या रेघा आता मी वाचून दाखवते. तुला कळवायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. सांभाळायला मी आणि आई दोघीच, आणि मला भीती वाटते रे. वाटलं, एक खोटं लिहिलं तर भाऊ घरी येईल. पण दादांनी काय लिहिलंस ते वाच म्हटलं, आणि त्यांच्यासमोर बदलून वाचायला माझी जीभ धजली नाही. ते चिडले नाहीत. म्हणाले, "कालिंदे, पॅटर्नमेकरच्या घरातनं खोटं माप भाईर जात न्हाय. फाड त्ये." मी फाडलं. मग त्यांनी आपली पट्टी आणून माझ्यापुढं ठेवली, जिचा प्रत्येक इंच जरा मोठा असतो, कारण ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. आपल्याला कधी हात लावू दिला नाही तीच. ती या पार्सलात आहे. शेळ्या चालतात, बंडू. नोकरीसाठी येऊ नकोस. जोतिबाच्या यात्रेला मात्र चार दिवस ये, चिंचोके मी जमवून ठेवते. दादा हातानं चाचपून खेळतील. वाघ त्यांना घेऊ दे.

तुझीच, खोटं माप पाठवता पाठवता राहिलेली,
ताई